ग्रुयेरला चीज बघून झालं, आता जेवायचं कुठे?

स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेर स्टेशनवर उतरलं की रस्त्यापलीकडेच ‘मेझों द्यू ग्रुयेर’ ही चीज बनवण्याची जागा दिसते. १९६९ पासून ती लोकांना पाहायला खुली आहे. स्टेशनच्या वस्तीचं नाव प्रँझी. किल्ला आणि जुनं दगडी गाव मागच्या टेकडीवर. चीजच्या गावात जेवणाची काय चिंता, असं वाटून लोक निर्धास्त येतात आणि मग दुपारी दोन-सव्वादोनला बंद स्वयंपाकघरांसमोर उभे राहतात. नाहीतर ताटात आलेल्या पदार्थात हॅमचे तुकडे निघतात आणि आई-बाबा नुसता पाव खाऊन उठतात. इथलं जेवण बहुधा या दोन कारणांनी बिघडतं. दोन्ही आधी टाळता येतात, फक्त हॉटेल निवडायच्या आधी घड्याळ आणि भांड्यातला ऐवज बघायला हवा. खिडकीतला नजारा त्यानंतर.

आधी घड्याळ

स्वित्झर्लंडच्या ग्रामीण भागात गरम जेवण साधारण साडेअकरा ते दोन एवढ्याच वेळात मिळतं, काही ठिकाणी शेवटची ऑर्डर दीडलाच घेतात. दोन ते सहा स्वयंपाकघर बंद. खुर्च्या मांडलेल्या असतात, लोक बसलेले असतात, पण कॉफी, आइस्क्रीम आणि फार तर थंड चीज-हॅमची थाळी यापलीकडे काही मिळत नाही. हॉटेल उघडं आहे म्हणजे जेवण मिळेल, हे आपलं मुंबई-पुण्याचं गणित इथे चालत नाही. गूगलवर दिसतात त्या वेळा पुष्कळदा हॉटेलच्या असतात, चुलीच्या नव्हेत. दारावरच्या पाटीवर ‘क्यूझिन शोद’ म्हणजे गरम जेवण किती ते किती, ते वाचा. पाटीवर ‘नॉन-स्टॉप’ असेल तर दिवसभर चूल चालू. टेकडीवरच्या जुन्या गावात पर्यटकांमुळे अशी ठिकाणं सापडतात, पण दुपारी तीनला तिथेही मेन्यू आक्रसलेला असतो. खाली प्रँझीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत तीही आशा धरू नये.

दुसरी अडचण सुट्टीची. खेड्यातली खाणावळ आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असते, बहुतेक वेळा सोमवार, मंगळवार किंवा बुधवार. ‘फेर्मे’ हा शब्द ओळखून ठेवा. नोव्हेंबरात आणि वसंताच्या सुरुवातीला मालक वार्षिक सुट्टीवर जातात, रोपवेही त्याच सुमारास देखभालीसाठी थांबतात. या महिन्यांत निघण्यापूर्वी फोन किंवा ई-मेल करून खात्री करून घ्या.

आता चीज बघण्याची वेळ. दूध सकाळी येतं, त्यामुळे काम नऊच्या सुमारास सुरू होतं आणि दुपारनंतर बघण्यासारखं फारसं उरत नाही. तांब्याच्या कढया चार, प्रत्येकी ४,८०० लिटरच्या. एका चाकाला, म्हणजे साधारण ३५ किलोच्या चीजला, ४०० लिटर दूध लागतं. एका कढईत बारा चाकं, चारही कढया चालल्या तर दिवसाला ४८. पण एका घाण्याला दोनेक तास लागतात आणि त्यातला बराच वेळ काचेपलीकडे काही घडत नाही. विरजण आणि रेनेट घातल्यावर पाऊणएक तास दूध नुसतं साकळत असतं. मग तारांची चौकट फिरवून त्या दह्याचे गव्हाएवढे दाणे होईपर्यंत तुकडे करतात, ते ५७ अंशांपर्यंत तापवतात आणि शेवटी सगळी कढई गोल साच्यांमध्ये उतरवतात. हा शेवटचा टप्पा खरा बघण्यासारखा: पांढरा लोंढा साच्यांत येतो, पातळ पाणी खालून धो-धो वाहून जातं आणि चाक आकार घेताना डोळ्यांसमोर दिसतं. तिकीट काढतानाच ‘सुतिराज किती वाजता?’ असं विचारा. साच्यांत उतरवण्याला तिथे हाच शब्द आहे. मग दिवस त्याभोवती बांधा.

साडेनऊ-दहाला पोहोचणं उत्तम. तिकिटासोबत सहा, आठ आणि दहा महिने मुरलेल्या चीजचे छोटे तुकडे मिळतात. ते तिथल्या तिथे, धाकट्यापासून थोरल्याकडे असे खाऊन बघा. जेवताना कुठलं चीज मागायचं हे त्यावरून ठरतं. तळघराच्या काचेतून हजारो चाकं फळ्यांवर मुरत पडलेली दिसतात. अकरा-सव्वाअकराला बाहेर पडलात तर साडेअकराला जेवणाच्या टेबलावर असाल आणि बसमधून उतरणाऱ्या गर्दीच्या अर्धा तास आधी तुमची ऑर्डर गेलेली असेल. साडेबारा ते दीड या वेळात टेकडीवरच्या गावात टेबल मिळणं नशिबावर असतं, विशेषतः जुलै-ऑगस्टच्या रविवारी.

भांड्यात काय आहे

घरात शाकाहारी माणूस असेल तर हा भाग नीट वाचा. मेन्यूवर मांस नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं इथे नसतं.

पहिली गोष्ट रेनेट. दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेलं द्रव्य वापरतात, त्याला रेनेट म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘प्रेझ्यूर’. ग्रुयेर एओपी या संरक्षित नावाचं चीज परंपरेच्या नियमांनुसारच बनवावं लागतं आणि त्यात प्राणिज रेनेटच असतं. एमेंटालर हे दुसरं स्विस चीज आणि इटलीतलं पार्मेझान यांचंही तेच. भारतात पॅकेटवर हिरवा ठिपका बघायची सवय झालेल्यांच्या हे ध्यानात येत नाही, कारण आपल्याकडच्या कंपन्या सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. वेटरला ‘शाकाहारी आहे का’ विचारलंत तर तो मनापासून ‘हो’ म्हणेल. त्याच्या हिशेबात चीज शाकाहारीच असतं, तो काही फसवत नसतो. तेव्हा प्रश्नच बदला: ‘प्रेझ्यूर आनिमाल?’ उत्तर ‘वी’ आलं की काय ते कळलं. घरच्यांना हे चालतं की नाही हे मुक्कामावरून निघतानाच विचारून घ्या, टेबलावर नको. काहींना चालतं, काहींना आधी कळलं असतं तर चाललं नसतं, आणि नंतर कळलेल्याचा मनस्ताप फार.

सुपरमार्केटमध्ये मात्र ‘प्रेझ्यूर मिक्रोबियेन’ असं छापलेली चीजं सापडतात. अशा मंडळींसाठी सहलीच्या डब्याचा पर्याय खाली आहे.

दुसरी गोष्ट वाइन. फोंड्यू म्हणजे वितळवलेलं चीज, पण ते वितळवतात पांढऱ्या वाइनमध्ये, बऱ्याचदा वरून चेरीची दारू, किर्श, घालतात. ‘शिजताना अल्कोहोल उडून जातं’ हे अर्धसत्य आहे. फोंड्यू मंद आचेवर असतं, किर्श शेवटी पडतं, त्यामुळे थोडं उरतंच. लहान मुलं किंवा दारू न चालणारे असतील तर याच तालुक्याचा एक खास प्रकार मागा: नुसत्या वाश्रँ चीजचं फोंड्यू. हे वाइनऐवजी पाण्यात करतात. वाश्रँ मऊ असतं, अगदी कमी उष्णतेवर वितळतं आणि मऊसूत, थोडं आंबूस, पावापेक्षा उकडलेल्या बटाट्याबरोबर जास्त चांगलं लागतं. तरीही ऑर्डर देताना ‘सां व्हँ, सां किर्श’ म्हणजे वाइन नको, किर्श नको, असं सांगा. काही स्वयंपाकी सवयीने किर्श घालतात. लसूण भांड्याला आधी चोळलेला असतो. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी फोंड्यूच्या वाटेला जाऊ नये, कारण तयार झालेल्या भांड्यातून तो काढता येत नाही.

तिसरी गोष्ट मांस, आणि ते नको तिथे निघतं. ‘क्रूत ओ फ्रोमाज’ म्हणजे वाइनमध्ये भिजवलेल्या पावावर चीज घालून भाजलेला पदार्थ. त्याच्या पोटात हॅमचा काप असायची शक्यता मोठी, आणि वरती बहुधा अंडं. डोंगरी मॅकरोनीत बेकनचे तुकडे असतात, त्यांना ‘लार्दों’ म्हणतात. रोश्टी आपल्या बटाट्याच्या किसाची सख्खी बहीण, पण ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. भाजीचं सूप दिसायला निरागस असलं तरी खाली मांसाचा रस्सा असू शकतो. म्हणून मोबाइलमध्ये फ्रेंचमध्ये चार ओळी लिहून ठेवा आणि ऑर्डरच्या वेळी वेटरला दाखवा: मांस नको, हॅम नको, बेकनचे तुकडे नकोत, मांसाचा रस्सा नको, तळायला चरबी नको. बोलून सांगायचं तर ‘सां व्यांद, सां जांबों, सां लार्दों’ एवढं पुरतं. ‘व्हेजिटेरियन’ असं इंग्रजीत म्हणालात तर मासे येण्याचाही धोका आहे.

एवढं सगळं गाळून उरतं काय? अपेक्षेपेक्षा चांगलं उरतं. ‘सूप द शाले’ हे गुराख्यांचं सूप: बटाटा, मॅकरोनी, पालकासारखा रानपाला, दूध, साय आणि शेवटी चीज. एका वाडग्यात जेवण होतं आणि मांस सहसा नसतं. रस्सा कसला एवढं विचारा. रेनेट न चालणाऱ्यांसाठी चरबीशिवाय केलेली भाज्यांची रोश्टी, सॅलड आणि टोमॅटोच्या रश्शातला पास्ता, वरचं किसलेलं चीज नको असं बजावून. आणि खरा मान आहे ग्रुयेरच्या डबल क्रीमचा. चमचा उभा राहील इतकी दाट साय, स्निग्धांश किमान ४५ टक्के, लाकडी भांड्यात येते. ती चीजसारखी साकळवलेली नसते, त्यामुळे रेनेटचा प्रश्नच येत नाही. लोक ती मेरँगबरोबर खातात. मेरँग म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचे साखर घालून भाजलेले कुरकुरीत गोळे. अंडं न खाणाऱ्यांनी ‘क्रेम दूब्ल’ रासबेरी किंवा स्ट्रॉबेरीबरोबर मागावं. म्हशीच्या दुधाच्या सायीवर वाढलेल्यालाही ती दाद द्यायला लावते, आणि घरात कुणी फक्त हेच खाल्लं तरी त्याचं काही चुकलं असं नाही.

जागा

चीजघराच्या इमारतीतलंच रेस्टॉरंट सोयीचं: स्टेशन समोर, चढ नाही, व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज जाते, मेन्यूवर फोंड्यू, क्रूत, मेरँग सगळं. वयस्कर मंडळी बरोबर असतील किंवा पुढची गाडी पकडायची असेल तर दुसरीकडे शोधत बसू नये. उणं एवढंच की मोठ्या ग्रुपच्या बसही इथेच थांबतात, आणि तसा ग्रुप आत शिरला की सेवा मंदावते. साडेअकराला बसायचं कारण हेच.

टेकडीवरचं गाव स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं, सगळा चढ. बस असते, पण तिची वेळ गाडीच्या वेळेशी जुळलेली असेलच असं नाही, म्हणून आधी बघून ठेवा. आत वाहनांना बंदी आहे, गाडी खालच्या वाहनतळावर लावावी लागते. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाला एक लागून रेस्टॉरंटं आहेत आणि मेन्यू जवळपास एकच. इथे निवड करायची ती तीन गोष्टींवरून. पाटीवर नुसत्या वाश्रँचं फोंड्यू वेगळं लिहिलं आहे का, कारण ते स्वतंत्र लिहिणारी जागा स्थानिक चवीची पर्वा करते. पोटमाळा किंवा मागची गच्ची आहे का, कारण रस्त्यावरच्या टेबलांवर पर्यटकांची ये-जा अंगावरून होते. आणि मेन्यू किती भाषांत छापला आहे: सहा भाषा आणि फोटो असतील तर पुढची पाटी बघा. एका बाजूला ह. रु. गीगर या कलाकाराच्या संग्रहालयाचा बार आहे, छत हाडांच्या सापळ्यासारखं. तिथे कॉफीला जा, जेवायला नको.

तिसरी दिशा मोलेझों डोंगराची, आणि वेळ असेल तर आमचा कौल हिला. स्टेशनवरून बसने मोलेझों गावापर्यंत जाता येतं. तिथे लाकडी कौलांच्या जुन्या घरात डोंगरी चीजघर आहे, मे ते सप्टेंबर एवढंच उघडं. सकाळी दहाच्या सुमारास तांब्याच्या कढईखाली लाकडं पेटवून हाताने चीज करून दाखवतात. खालच्या चीजघरात काचेतून यंत्रं दिसतात, तर इथे धूर डोळ्यांत जातो आणि कापडाच्या झोळीत चीज उचलताना माणसाचे दंड दिसतात. शेजारीच खायची सोय आहे: सूप, मॅकरोनी, फोंड्यू. दहाचं बघितलं तर जेवणाची वेळ आपोआप जुळते. एकाच दिवशी दोन्ही चीजघरं उरकायचा अट्टहास धरू नका. दोन्हीकडची कामं सकाळीच चालतात आणि धावपळीत जेवणाची वेळ हुकते.

वर खाली करायला ‘चीजची वाट’ म्हणून आखलेली पायवाट आहे, दोनेक तासांची, प्रँझी ते मोलेझों गाव. बहुतेक जण खालून वर निघतात आणि साडेतीन-चारशे मीटर चढून घामाघूम, उशिरा, रिकाम्या चुलीसमोर पोहोचतात. उलटं करा: बसने वर जा, चीज बघा, जेवा आणि मग रमतगमत उतरा. जड जेवणानंतर उतार बरा पडतो. पाऊस झालेला असेल तर कुरणातला मातीचा भाग निसरडा असतो, साध्या चपला नकोत. गुरांच्या कुंपणाची दारं आपल्यामागे लावून घ्यायची, आणि वासरं बरोबर असलेल्या गाईंच्या कळपामधून फोटोसाठी जायचं नाही. त्या गाई आपल्याकडच्या गोठ्यातल्यासारख्या गरीब नसतात.

डोंगरउतारावर उन्हाळ्यात ‘बुव्हेत’ नावाच्या गुराख्यांच्या टपऱ्या उघडतात. दोन-तीन पदार्थ, लाकडी बाकं, पुढ्यात गाईंच्या घंटा. चवीला अनेकदा सर्वांत सरस. पण कार्ड चालेलच असं नाही. स्विस लोक तिथे फोनवरून पैसे देतात, पण त्या ॲपला स्विस बँक खातं लागतं, म्हणून माणशी ४० फ्रँक तरी रोख खिशात ठेवा.

फोंड्यू मागवताना

माणशी २०० ते २५० ग्रॅम चीज असतं. आकडा लहान वाटतो, पण पोटात ते सिमेंटसारखं बसतं. ‘किमान दोन व्यक्ती’ अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. एकटे असाल तर क्रूत किंवा सूप घ्या. चौघांत चार फोंड्यू मागवायची चूक करू नका, दोन फोंड्यू आणि दोन वेगळे पदार्थ घेतले की सगळ्यांचं भागतं. पण वाटून खाणार हे ऑर्डरच्या आधी सांगा, जादा ताटाचे पैसे लागतात का तेही विचारा. साधारण दर माणशी २५ ते ३५ फ्रँक.

‘म्वातिये-म्वातिये’ म्हणजे निम्मं ग्रुयेर, निम्मं वाश्रँ; पहिल्यांदा खाणाऱ्याने हेच घ्यावं, वाइनची हरकत नसेल तर. भांडं टेबलावर आल्यावर खालची ज्योत मोठी करू नका. चीज बुडबुडे काढत उकळलं की तेल वेगळं होतं आणि खाली करपतं. नुसत्या वाश्रँची ज्योत तर मेणबत्तीएवढीच हवी. ते उकळलं की दाणेदार, गाठाळ होतं आणि पुन्हा जुळत नाही. पावाच्या तुकड्याला एका बाजूला कडक साल असली पाहिजे. काटा मऊ बाजूने खुपसून सालीतून बाहेर काढायचा, नाहीतर पाव भांड्यात सुटतो आणि टेबलावर त्याची थट्टा होते. बुडवताना तळाला टेकवून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचं. याने तळ करपत नाही आणि चीज एकजीव राहतं. एकजण बोलत बसला आणि कुणीच ढवळलं नाही, की दहा मिनिटांत वर तेलाचा तवंग आलाच. आला तर वेटरला सांगा, आत नेऊन वाइनमध्ये कालवलेलं थोडं कॉर्नफ्लॉर घालून पुन्हा जुळवून देतात.

सोबत थंडगार कोल्ड्रिंक नको असा स्थानिक दंडक आहे. पांढरी वाइन किंवा दुधाशिवायचा गरम चहा. हे कितपत शास्त्रीय, यावर तिथेही वाद होतो, पण गरम चहाने जड वाटत नाही एवढं खरं. तोंडी लावायला बारीक काकडीचं लोणचं आणि छोटे कांदे असतात, ते मागून घ्या, चवीत फरक पडतो. शेवटी तळाशी चिकटलेला तपकिरी पापुद्रा राहतो. त्याला तिथे ‘जोगीण’ या अर्थाचा शब्द आहे, ‘रलिज्यूझ’. ज्योत विझवून वेटर तो खरवडून काढतो आणि वाटून देतो. आपल्या खरवडीचं भाऊबंद म्हणा. भांडं लगेच उचलून न्यायला लागले तर थांबवा.

डबा बरोबर घ्यायचा असेल तर

रेनेटचा काटेकोरपणा, छोट्या मुलांची नाटकं किंवा खिसा, कुठल्याही कारणाने बाहेर जेवायचं नसेल तर ब्यूल हे जवळचं शहर उपयोगी पडतं. ग्रुयेरपासून गाडीने दहा मिनिटांच्या आत. कोप आणि मिग्रो या सुपरमार्केटमध्ये पाव, दही, फळं, सॅलड, लेबल वाचून निवडलेलं चीज मिळतं. काही शाखांना स्वतःचं स्वस्त रेस्टॉरंटही असतं, जिथे ताटात काय घ्यायचं ते डोळ्यांनी बघून ठरवता येतं, भाषा न येणाऱ्याला हे सोपं. गुरुवारी ब्यूलमध्ये बाजार भरतो, तिथे केशर घातलेला गोडसर पाव ‘क्युशोल’ दिसला तर घ्या. पण रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारीही संध्याकाळी लवकर मिटतात, म्हणून रविवारच्या सहलीची खरेदी शनिवारी दुपारपर्यंत उरकलेली हवी. रस्त्याकडेच्या दगडी हौदातलं पाणी पिण्यासारखं असतं, फक्त ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर भरू नका.

बसून जेवायचं असेल आणि खर्च आटोक्यात हवा, तर सोमवार ते शुक्रवार ‘प्लॅ द्यू जूर’ म्हणजे दिवसाचा पदार्थ बघा. आधी सूप किंवा सॅलड, मग मुख्य ताट, एकूण फोंड्यूपेक्षा स्वस्त. शनिवार-रविवारी तो नसतो. टिप बिलातच आलेली असते, वर सुटे ठेवले तर ठेवा. नळाचं पाणी ‘कॅराफ’ म्हणून मागता येतं, काही ठिकाणी त्याचेही पैसे लावतात.

सप्टेंबरच्या शेवटाला गाई फुलं माळून डोंगरावरून उतरतात, तेव्हा शेजारच्या शार्मे गावात आणि आजूबाजूला जेवायला जागा मिळत नाही. त्याच हंगामात बेनिशों हा कापणीचा सण असतो, त्याचं जेवण ठरलेलं आणि हॅम-मेंढ्याचं. त्या आठवड्यात शाकाहारी मंडळींना घेऊन जायचं असेल तर टेबल आधी राखा, आणि राखतानाच काय चालत नाही ते लिहून कळवा.

बरेच जण त्याच दिवशी ब्रोकच्या कायये चॉकलेट कारखान्यातही जातात. तो जेवणानंतर ठेवा. फेरीच्या शेवटी हवं तेवढं चॉकलेट चाखायला मिळतं, आणि ते आधी झालं तर मुलं सूपच काय, फोंड्यूकडेही बघत नाहीत. चीज विकत न्यायचं असेल तर ते जेवून परत स्टेशनकडे येताना घ्या, हवाबंद करून मागा, ‘सू व्हीद’, नाहीतर दहा महिन्यांच्या ग्रुयेरचा वास डब्यातल्या सगळ्यांना मोंत्रोपर्यंत येत राहतो.